चौथे झाड

सन १७८४. मेस्मरप्रणीत ‘प्राणिज चुंबकत्व’ या उपचाराची परीक्षा घेण्यासाठी फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने आयोग नेमला. पॅरिसजवळील पासी येथे बेंजामिन फ्रँकलिन यांच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने जर्दाळूचे एक झाड ‘भारले’. डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलास मुद्दाम इतर झाडांपाशी नेण्यात आले. पहिल्यापाशीच त्याला घाम फुटला, डोके दुखू लागले. चौथ्यापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेले झाड तर दूरच होते!

कारण काल्पनिक होते, यातना खऱ्या होत्या. १९६१ साली वॉल्टर केनेडी यांनी अशा परिणामास लॅटिन नाव दिले : ‘नोसिबो’, म्हणजे ‘मी अपाय करीन’. तेव्हा अशा रुग्णास ‘मनाचे खेळ’ म्हणून हिणवू नये. आजाऱ्यास भेटणे हे दयेचे कृत्य होय. म्हणून ‘या गोळीने अमक्याचे असे झाले’ हे शब्द आपण उंबरठ्याबाहेरच ठेवावेत, असे आम्हांस वाटते.