स्टेशन वॅगनचा जीर्णोद्धार

आपल्या वसईच्या रेल्वे स्थानकाच्या नांवांत ‘रोड’ हा शब्द कां आला, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. १८६४ सालीं बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग सुरतेहून मुंबईपर्यंत पुरा झाला, तेव्हां रूळ जुन्या गांवापासून दूर पडले. गाडींतून उतरून गांवीं जावयाचें तें सडकेनेंच, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ती सडक आधीं बैलगाडीनें व पुढें टांग्यानें तुडविली.

अमेरिकेंतहि हीच अडचण होती. स्थानकावरून उतारू व त्यांच्या पेट्या पांथशाळेपर्यंत पोहोंचविणारी तेथील लांकडी घोडागाडी मोटारीचा काळ येतांच मोटारीच्या सांगाड्यावर चढली, आणि ‘स्टेशन वॅगन’ म्हणून प्रसिद्धि पावली. म्हणजे ही गाडी मुळांत सुताराची! फोर्ड कंपनीनें तर मिशिगन प्रांतांत आयर्न माउंटन येथें स्वतःचीं अरण्यें राखून तेथेंच लांकडी सांटे बनविले. विलीज कंपनीची १९४६ सालची वॅगन सर्वस्वी पोलादी होती. तरी लोकांस लांकडाची इतकी संवय, कीं तिच्या पत्र्यावर लांकडी चौकटीचा भास होईल असा रंग दिला जाई. इंग्लंडांत मॉरिस मायनर ट्रॅव्हलरची लांकडी चौकट मात्र १९७१ पर्यंत टिकली. आपल्याकडे टाटा इस्टेट १९९२ सालीं आली.

धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकांत मोटारीचें पुराण कशाला, असें कोणी म्हणेल. १९२७ सालीं पॉल शुल्टे या जर्मन धर्मगुरूंनीं मिशनकार्यास वाहनें पुरविण्यासाठीं ‘मिवा’ ही संस्था काढली, आणि वाहनास आशीर्वाद देण्याचा विधि आपल्या रोमन विधिग्रंथांतहि आहे. एवढें उत्तर पुरे.

अंगणांत ताडपत्रीखालीं पडलेली गाडी तरुणांस भंगार वाटते, वृद्धांस तींत आपलें आयुष्य दिसतें. ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तेव्हां हळहळणारे पुष्कळ निघाले; हातांत पाना घेणारे थोडे.

जो घेईल त्यानें प्रथम वही घ्यावी. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र काढावें व नटबोल्ट चिठ्ठी लावून निरनिराळ्या डब्यांत ठेवावे. आपल्या किनाऱ्याचा खारा वारा व चार महिन्यांचा पाऊस गाडी वरून नव्हे, खालून खातो. म्हणून दरवाजांखालील कडा व तळाचे पत्रे टोकदार हत्यारानें टोचून पाहावे. गंजका पत्रा पुट्टीनें झांकणें ही शुद्ध लबाडी आहे. निकोप धातु लागेपर्यंत तो कापावा, नवा पत्रा जोडावा, आणि त्याच दिवशीं रेड ऑक्साइडचा हात द्यावा. ब्रेकचीं रबरें व नळ्या निरपवाद नवीं घालावींत. तेथें जुनेपणाचा मोह जीवावर बेतेल.

लांकडी चौकट असल्यास कुजका भाग तेवढा काढून तिरप्या सांध्यानें सागाचा तुकडा बसवावा. मूळ लांकूड ॲशचें असलें तरी आपल्या हवेंत सागच टिकतो. अस्सलपणाचे अभिमानी नाक मुरडतील, मुरडोत बापडे. वॉर्निश पावसाळ्यांत लावूं नये, ओलावा कोंडून त्यावर पांढुरका पडदा येतो. खरी चिंता सांध्याची आहे. पोर्तुगीज काळीं आगाशी-वसईचा किनारा जहाजबांधणीसाठीं नांवाजलेला होता. आज होड्यांनाहि फायबर आल्यामुळें असा सांधा घालणारे हात विरळ होत आहेत. वृद्ध मिस्त्री आहेत तोंवर त्यांच्या शेजारीं बसून तो शिकून घ्यावा. इंजिनाचे सुटे भाग शोधून मिळतात. हात मिळत नाहींत.

आणखी एक विचार गाडी सोडण्यापूर्वींच करावा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली गाडी २०,००० रुपये भरून दहा वर्षांसाठीं ‘विंटेज’ म्हणून नोंदवितां येते व तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांखेरीज नित्य वापरांत आणतां येत नाहीं. स्टेशनासाठींच जन्मलेली गाडी पाहुण्यांना आणावयास रोज वसई रोडला न्यावयाची असेल, तर ‘विंटेज’च्या मानाचा मोह सोडून साधी नोंदणीच दर पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी.