आवाज मोजायचा, पण कशाच्या तुलनेत?

मोबाईलवर डेसिबल मोजणारं ॲप आहे? मग एक करून बघा. स्वयंपाकघरात मिक्सर लावा, आकडा बघा. मग तोच मिक्सर गच्चीवर न्या, तेवढ्याच अंतरावरून परत मोजा. आकडा बदलतो. मिक्सर तर तोच! मग त्याचा खरा आवाज कुठला?

या भानगडीची सुरुवात बघायला १९२९च्या न्यूयॉर्कमध्ये जाऊ. डोक्यावरून धडधडणाऱ्या रेल्वेगाड्या, हॉर्न, दुकानांबाहेर लावलेले रेडिओ. लोक वैतागले, तेव्हा शहराच्या आरोग्य खात्याने आवाज कमी करण्यासाठी आयोगच नेमला. त्यांची एक ट्रक उपकरणं घेऊन रस्तोरस्ती फिरायची. पण मोजायचे कसे? तर चक्क कानाने! कानाला एक रिसीव्हर लावायचा, त्यातून ठरावीक, आधी मोजून ठेवलेला सूर ऐकू येई आणि फटीतून रस्त्याचा गोंगाटही. मग बटण फिरवत तो सूर गोंगाटात जेमतेम बुडेल तिथे थांबायचं. सूर जितका मोठा करावा लागला, तितका गोंगाट जास्त. १९३०च्या अहवालात तर म्हटलंय की शहरात काही ठिकाणी वाघाने डरकाळ्या फोडल्या तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पत्ता लागणार नाही!

इंग्लंडमध्ये डेव्हिस नावाच्या शास्त्रज्ञाची पद्धत त्याहून साधी, आणि मला जास्त आवडलेली. ट्यूनिंग फोर्क ठोकायचा, कानाशी धरायचा, आणि किती सेकंदांनी तो गोंगाटात हरवतो ते मोजायचं. फोर्कचा आवाज कोणत्या वेगाने विरतो हे आधीच माहीत. झालं काम!

पण कान माणसागणिक वेगळा. म्हणून मायक्रोफोनवाले मीटर आले आणि १९३६ साली अमेरिकेत त्यांचं प्रमाणही ठरलं. ओळखीच्या सुराची गरज संपली असं वाटलं असेल. पण नाही. कारण मीटर फक्त तो ठेवलाय तिथला आवाज सांगतो, आणि त्यात भिंतींवरून परतलेला आवाजही येतो. यंत्र स्वतः किती आवाज बाहेर टाकतं, ते त्याला कळत नाही.

यावरचा तोडगा म्हणजे एक पंखा. खरंच! शिकागोच्या इल्ग कंपनीचा, बाहेरचं कवच नसलेला ब्लोअर. एकाच वेगाने फिरतो, म्हणून नेहमी एकसारखाच घोंगावतो. प्रयोगशाळेत त्याचा आवाज एकदा नीट मोजून ठेवायचा. समजा तो ८० आहे. आता खोलीत लावला तर मीटर ७४ दाखवतो. म्हणजे ही खोली ६ने कमी सांगते. पंखा बंद, त्याच जागी मिक्सर सुरू. मीटर ७१? मग मिक्सर ७७. (प्रत्यक्षात जाड-बारीक प्रत्येक पट्ट्यासाठी हे वेगळं करावं लागतं, पण युक्ती हीच.) अशा 'संदर्भ' आवाजांसाठी पुढे आयएसओ ६९२६ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणही आलं.

आणि मीटर तरी खरं बोलतोय कशावरून? त्यासाठी मायक्रोफोनवर बसणारा, मुठीत मावेल एवढा कॅलिब्रेटर असतो. त्यातून सहसा १००० हर्ट्झचा, बरोबर ९४ डेसिबलचा एकच सूर निघतो. विसर्जन मिरवणुकीत डीजेचा आवाज मोजायचा असला, तरी मीटरने आधी हे ९४ नीट दाखवायला हवेत. नाहीतर डीजेवाला विचारणारच, "तुमचा मीटर बरोबर आहे कशावरून?"