उजवीकडच्या बाकांवरून, 1927

शुक्रवार, 30 सप्टेंबर 1927. दुपार कलली आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या यांकी स्टेडियममध्ये, मैदानाच्या उजव्या अंगाला असलेल्या उघड्या लाकडी बाकांवर तुम्ही बसला आहात. आजूबाजूला सगळ्यांच्या डोक्यावर हॅट, बऱ्याच जणांच्या तोंडात सिगार. मागच्या उंच लोखंडी पुलावरून रेल्वे गेली की बाकंसुद्धा थरथरतात. एवढं अवाढव्य मैदान, पण आज जेमतेम आठ-दहा हजार माणसं आली आहेत. यांकीज या यजमान बेसबॉल संघानं लीग केव्हाच जिंकली आहे आणि हंगामाचे आजचा धरून दोनच सामने उरलेत. जे आलेत ते एकाच माणसासाठी आलेत. बेब रूथनं काल दोन होमरन, म्हणजे थेट सीमेपार गेलेले टोले, मारून 1921 सालच्या स्वतःच्याच 59 च्या विक्रमाशी बरोबरी केली आहे.

तुम्ही मात्र शंभर वर्षांनंतरचा हिशेब डोक्यात घेऊन इथे बसला आहात. 2001 साली बॅरी बॉन्ड्सनं 73 होमरन मारले, 2022 साली याच यांकीजच्या ॲरन जजनं 62, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेजारचा माणूस साठाव्या फटक्यासाठी जीव मुठीत धरून बसलाय, आणि तुमच्या मनात वेगळाच प्रश्न घोळतोय. हा माणूस आज असता तर टिकला असता का? क्रिकेटमधल्या ब्रॅडमनबद्दल आपण पिढ्यान् पिढ्या हाच वाद घालत आलो आहोत. तो ब्रॅडमनही 1932 साली अमेरिकेच्या दौऱ्यावर येऊन याच मैदानात रूथला भेटणार आहे.

आठवा डाव. धावसंख्या 2-2. तिसऱ्या बेसवर मार्क केनिग. समोर वॉशिंग्टन सिनेटर्सचा डावखुरा पिचर टॉम झॅकरी. आणि आता रूथ चालत येतो.

नीट बघून घ्या. सहा फूट दोन इंच उंची, भरदार छाती, मोठं पोट आणि त्या सगळ्याला न शोभणारे बारीक घोटे. तो डावखुरा उभा राहतो. दोन्ही पाय जवळजवळ, उजवा खांदा पिचरकडे इतका वळवलेला की त्याची अर्धी पाठच झॅकरीला दिसत असावी. बॅट अगदी शेवटच्या गाठीशी धरलेली. या हंगामातल्या त्याच्या एका बॅटवर त्यानं छापाभोवती होमरनगणिक खाच कोरली आहे. 21 खाचांची ती बॅट आज लुईव्हिलच्या संग्रहालयात आहे. वजन म्हणाल तर त्याच्या बॅटी साधारण 40 औंसांपासून पुढच्या, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. आधीच्या वर्षांत त्यानं दीड किलोचीही वापरली. जजची बॅट 33 औंसांची, एक किलोलासुद्धा कमी पडणारी, आणि जज उंचीला रूथपेक्षा तब्बल पाच इंचांनी जास्त.

चेंडू खाली आणि अंगाकडे येतो. रूथ पुढचं पाऊल टाकतो आणि कमरेतून सगळं अंग फिरवतो. त्यानं फटका मारला असं म्हणणं अपुरं वाटतं, तो अख्खाच त्या चेंडूत घुसतो. आवाज आधी येतो, कोरडा, लाकूड फुटल्यासारखा. मग चेंडू सीमेच्या रेषेला धरून तुमच्याच दिशेनं येऊ लागतो. आत पडेल की बाहेर? माणसं बाकांवर चढतात. तो तुमच्यापासून काही हातांवर बाकांत आदळतो. खाली झॅकरी चेंडू बाहेर गेला म्हणून ओरडतोय, पण पंचांनी हात फिरवला आहे. साठ! हॅट हवेत उडतात, कागदाचे कपटे उडतात आणि तो माणूस छोटी छोटी पावलं टाकत सावकाश चारही बेस फिरून येतो.

यानं भारावून जाणं सोपं आहे. पण तुम्ही तुलना करायला आलात, म्हणून आधी त्याच्या बाजूच्या सोयी बघा. तुम्ही बसलात त्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर अवघं 295 फूट आहे, डावखुऱ्याला आयतं. (समोर डावीकडे हेच मैदान साडेचारशे फुटांच्याही पुढे पसरलंय, तिकडे गेलेले त्याचे कितीतरी टोले नुसते झेल ठरले, हेही विसरू नका.) झॅकरी थकलेला नसेल, पण आज तो रूथला चौथ्यांदा चेंडू टाकत होता. आधीच्या तीन वेळांत रूथनं एकदा चालत बेस घेतला आणि दोनदा फटका मारून. आजच्या काळात अशा घडीला झॅकरीला तिथे उभंच राहू दिलं नसतं. ताज्या दमाचा, ताशी 155-160 किलोमीटरनं चेंडू टाकणारा एखादा पिचर मैदानात आणला असता.

वेगाचं बोलायचं तर 1912 साली कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला, रेमिंग्टनच्या बंदूक कारखान्यात वॉल्टर जॉन्सनचा चेंडू मोजला गेला. त्या काळातला सगळ्यात वेगवान मानला गेलेला हा पिचर. आकडा आला सेकंदाला 122 फूट, म्हणजे ताशी 134 किलोमीटर. हल्ली चेंडू हातातून सुटताना मोजतात आणि तेव्हा तो पुढे जाऊन थोडा मंदावल्यावर मोजला, त्यामुळे जॉन्सनचा खरा वेग याहून बराच जास्त धरायला हवा. तरीही आज अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये साध्या सरळ वेगवान चेंडूची सरासरीच ताशी 150 किलोमीटरच्या वर आहे. बॅटरच्या हातात सेकंदाचा चार दशांश भाग असतो, त्यातही निर्णय घ्यायला निम्माच. 1927 साली रूथ 89 वेळा स्ट्राइकआउट झाला. 2022 साली जज 175 वेळा झाला. त्याची नजर रूथहून अधू नव्हती, पण समोरची गोलंदाजी आणि फटका मारायची ईर्षा दोन्ही वाढली होती.

आता खुद्द चेंडूचा हिशेब बघायला सात वर्षं आणखी मागे चला. 16 ऑगस्ट 1920, पोलो ग्राउंड्स. तेव्हा यांकीज इथे खेळत. एकच चेंडू डावामागून डाव वापरला जातो. त्यावर माती चोळलेली, तंबाखूची थुंकी लागलेली, संध्याकाळ झाली की तो दिसतच नाही. यांकीजचा कार्ल मेज खालून हात फिरवून चेंडू टाकतो आणि क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्यात तो बसतो. हेल्मेट नावाची वस्तूच नाही. आवाज इतका मोठा होतो की मेजला वाटतं चेंडू बॅटला लागला, तो उचलून पहिल्या बेसकडे फेकतो. चॅपमन दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. मैदानावर लागलेल्या चेंडूनं मृत्यू आलेला सर्वोच्च लीगमधला तो एकमेव खेळाडू. त्यानंतर मळका चेंडू बदलायचा शिरस्ता पक्का झाला. थुंकी लावून चेंडू टाकायला त्याच वर्षी बंदी आली होती, काही जुन्या पिचरांचा अपवाद सोडून. होमरनचं युग या पांढऱ्या चेंडूवर उभं राहिलं, असं सांगितलं जातं. बऱ्याच अंशी खरंही आहे. पण 1919 साली, बॉस्टनकडून खेळताना, त्याच मळक्या चेंडूवर रूथनं 29 होमरन मारून तेव्हाचा विक्रम मोडला होता. म्हणून मला वाटतं, चेंडूनं रूथ घडवला नाही. रूथला जे दिसलं होतं ते चेंडूनं बाकीच्यांना दाखवलं.

काय दिसलं होतं त्याला? त्याच्या आधीच्या, टाय कॉबच्या पिढीचा खेळ आखूड फटक्यांचा, बेस चोरण्याचा, एकेक धाव जोडण्याचा. उंच टोला म्हणजे मूर्खपणा, झेल जायचाच. रूथनं उलटं केलं. 1920 साली त्याचे 54 होमरन झाले, अमेरिकन लीगमध्ये त्याच्या मागे असलेल्या जॉर्ज सिस्लरचे 19. त्या लीगमधल्या बाकी सातांपैकी एकाही अख्ख्या संघाला रूथइतके जमले नाहीत. 1927 साली दोन्ही लीगच्या संघांची सरासरी काढली तर एका संघाच्या वाट्याला वर्षाला 58 होमरन येतात, आणि रूथचे एकट्याचे 60. 2022 साली संघाची सरासरी होती 174, जजचे 62. कोण किती जोरात मारतो हा प्रश्न मला गौण वाटतो. आपल्या काळाच्या किती पुढे कोण होतं, हा खरा प्रश्न, आणि त्यात रूथच्या जवळपास आजचा एकही बॅटर नाही.

एक जण मात्र दुसऱ्या वाटेनं त्याच्यापाशी पोचलाय. रूथ मुळात पिचर होता आणि साधासुधा नव्हे, कारकिर्दीत 94 विजय, 46 पराभव. 1918 साली त्यानं 13 सामने पिचर म्हणून जिंकले आणि 11 होमरनही मारले. ऑगस्ट 2022 मध्ये शोहेई ओहतानीनं दहावा विजय मिळवला, तेव्हा त्याच्या नावावर 25 होमरन होते. ओहतानीच्या जपाननं रूथला प्रत्यक्ष पाहिलेलं आहे: 1934 च्या दौऱ्यात शिझुओकाला सतरा वर्षांच्या एइजी सावामुरानं रूथ आणि त्याचा यांकीजमधला सहकारी गेरिग यांच्यासह चार दिग्गजांना ओळीनं बाद केलं. रूथनं पुढे पिचिंग जवळजवळ सोडलं. ओहतानी दोन्ही करतो, तेही आजच्या वेगापुढे, त्यामुळे सर्वांगीण खेळाडू म्हणून मी त्याला रूथच्या वर ठेवतो.

आता अशा जागी चला जिथे ही तुलना अडखळते, अडखळायलाच हवी. 1943, वॉशिंग्टनचं ग्रिफिथ स्टेडियम. होमस्टेड ग्रेजचा कॅचर जॉश गिब्सन बॅट घेऊन उभा आहे. या वर्षी त्याची बॅटिंगची सरासरी .466 आहे. बाकांवर बघा, मैदानावर बघा: ही दुसरीच, निग्रो लीग आहे, कारण कातडीचा रंग काळा असलेल्यांना रूथच्या लीगचं दार बंद आहे. रूथ आपल्या लीगमध्ये ज्या पिचरांना सामोरा गेला त्यांत सॅचेल पेज नव्हता. ज्या बॅटरांशी त्याची तुलना झाली त्यांत गिब्सन नव्हता. हा नियम रूथनं केला नाही, पण त्याच्या आकड्यांना त्याचा आधार मिळाला. गिब्सन 20 जानेवारी 1947 ला, 35 व्या वर्षी गेला; ते बंद दार उघडत जॅकी रॉबिन्सन सर्वोच्च लीगमध्ये उतरला त्याच वर्षी 15 एप्रिलला. तीन महिन्यांचंसुद्धा अंतर नाही. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. 2024 साली निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत मिळवले गेले, तेव्हा स्लगिंगच्या, म्हणजे फटक्यांनी मिळवलेल्या बेसच्या सरासरीच्या, कारकीर्दभराच्या यादीत गिब्सन .718 सह पहिल्या जागी गेला आणि रूथ .690 सह दुसऱ्या जागी आला. म्हणून कुणी रूथला सगळ्यात मोठा म्हणालं तर तुम्ही एवढंच विचारा, कुणाकुणाला खेळू दिलं होतं?

परत आपल्या बाकावर या. नववा डाव आहे, यांकीज 4-2 नं पुढे आहेत. रूथ हातमोजा घालून तुमच्या समोरच, उजव्या मैदानात येतो. बाकांवर रुमाल फडकतात. तो वळतो आणि सैनिकासारखे सलाम ठोकतो, एकदा, दोनदा, पुन्हा. इतक्या जवळून दिसतं की त्याच्या चेहऱ्यावर पोराटकीचा आनंद आहे. बाल्टिमोरच्या सुधारगृहवजा शाळेत वाढलेला पोरगा, त्याला अजून कुणी थांब म्हटलेलं नाही.

वॉशिंग्टनकडून झॅकरीच्या जागी बॅट घेऊन एक उंच, लांब हातांचा माणूस बाहेर येतो. वय 39. हा वॉल्टर जॉन्सन, ज्याचा चेंडू बंदुकीच्या कारखान्यात मोजला होता. खेळाडू म्हणून तो सर्वोच्च लीगच्या मैदानावर पुन्हा दिसणार नाही. तो चेंडू उंच मारतो, उजवीकडे, तुमच्याच दिशेनं. रूथ दोन पावलं सरकतो आणि झेल घेतो.