घरातला धंदा आणि सोसायटीचा ठराव



माहीममध्ये सध्या कुठल्याही जुन्या इमारतीत जा, पुनर्विकासाचीच चर्चा चालू असते. नव्या टॉवरचे नियम ठरवायला बसलं की एक वाक्य हमखास पुढे येतं : सदनिकेचा वापर फक्त राहण्यासाठी करावा, घरात कोणताही व्यवसाय करू नये. वाक्य इतकं सरळ वाटतं की सभेतले बहुतेक जण मान डोलावतात. पण त्याच इमारतीत कुणी खाखरे लाटून देत असते, कुणी कांदा-लसूण-बटाट्याशिवायचे डबे भरत असते, कुणी फॉल-बिडिंग करते, कुणी चौथीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. या घरच्या पुरुषांचं दुकान भुलेश्वरला किंवा दादरला असतं. बाईचं दुकान ओट्यापाशी असतं. त्यामुळे असा ठराव झाला की पहिली तीच सापडते.

तक्रार करणाऱ्यांचंही खोटं नसतं. लिफ्टमध्ये दिवसभर डिलिव्हरीची मुलं, जिन्यात तळणाचा वास, दुपारच्या वेळी ग्राइंडरची घरघर, एका फ्लॅटमध्ये चार-चार मदतनीस. आजारी माणूस शेजारी असेल तर त्यानं काय करायचं? म्हणून नुसतं 'बायकांच्या पोटावर पाय नको' म्हणून हा वाद संपणार नाही. मुंबईत हा प्रश्न नवा नाही. आधीच्या पिढ्यांनी त्यातून काय वाट काढली ते बघितलं तर आपल्याला काहीतरी हाताला लागेल.

सुरुवात गिरण्यांपासून करू. १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा भागात गिरण्याच गिरण्या झाल्या. कोकणातून आणि घाटावरून कामगार आले, ते बहुतेक बायकामुलांना गावी ठेवून. त्यांना जेवायला कोण घालणार? त्याच चाळींतल्या बायकांनी घातलं. एका खोलीच्या घरात चूल, तिथेच भाकऱ्यांची चवड, पाळीप्रमाणे जेवायला येणारे कामगार. हीच खानावळ. ना पाटी, ना परवाना. गिरणगावाचं पोट या खोल्यांतून भरलं. पण पगार महिन्यानं व्हायचा, म्हणून खानावळीचे पैसेही महिन्यानं यायचे, आणि तोवर धान्य उधारीवर आणायचं. सावकाराचं व्याज बाईच्या नफ्यातून जायचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची दारं उघडून दिली. बँकेच्या कागदावर या बायका तेव्हा पहिल्यांदा 'व्यवसाय करणाऱ्या' म्हणून आल्या. तोपर्यंत त्या नुसत्या 'घरीच असतात' अशा होत्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा कामगारांच्या पगाराबरोबर या खानावळींचं उत्पन्नही आटलं.

मग 'घर म्हणजे फक्त राहायची जागा' ही कल्पना आली कुठून? तिचं एक मोठं कारण प्लेग. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, गच्च वस्त्यांमध्ये माणसं दगावली, आणि १८९८ साली सरकारनं बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्ती मोकळी करायची, रुंद रस्ते काढायचे, उत्तरेकडे नवी वसाहत करायची हे त्याचं काम. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या आखीव वस्त्या त्या काळाची देणगी आहेत. तिथे नवा 'ब्लॉक' आला. स्वयंपाकघर आत, न्हाणीघर आत, दार लावलं की आपलं जग वेगळं. चाळीत शेजारणीचा मसाला कुटणं सगळ्या गॅलरीच्या अंगवळणी पडलेलं होतं. ब्लॉकमध्ये तोच आवाज त्रास वाटू लागला. एक मात्र लक्षात ठेवू : काम आणि राहणं वेगळं करण्यामागे मुळात रोगाची आणि गर्दीची भीती होती. बाईनं कमवू नये असं त्यात कुणी लिहिलं नव्हतं.

हाच वाद साता समुद्रापलीकडेही झाला. न्यूयॉर्कमध्ये गरीब स्थलांतरित कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत घरातच सिगार वळायची. १८८४ साली तिथे कायदा करून अशा इमारतींत सिगार बनवायला बंदी घातली. १८८५ साली न्यायालयानं तो कायदा रद्द केला : माणसाला स्वतःच्या घरात निरुपद्रवी काम करण्यापासून अडवता येणार नाही, असा त्याचा रोख होता. ऐकायला छान वाटतं. पण बंदी मागणाऱ्यांचंही म्हणणं होतं की त्या खोल्यांत लहान मुलं तंबाखूच्या धुळीत रात्रीपर्यंत राबतात आणि मालक कारखान्याचा खर्च वाचवतो. म्हणजे घरातलं काम आधार होऊ शकतं आणि पिळवणूकही. ते कोण करतंय, किती करतंय आणि पैसा कुणाच्या हातात जातोय, यावर सगळं अवलंबून आहे.

आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी दोन गोष्टींवर भर दिला : देणगी घ्यायची नाही, आणि हिशेब चोख ठेवायचा. मी वाणिज्य शाखेची, म्हणून मला ही दुसरी अट फार मोलाची वाटते. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी एक खाट आणि एक शेगडी आणली. पापड खाटेवर, शेगडी खाटेखाली. चातुर्मासात पापड-वड्यांचा विचार करणाऱ्या आपल्या घरांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

पण आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत सभासद बहिणी ३०० च्या वर गेल्या. गच्ची पुरेना. तेव्हा त्यांनी कारखान्यासाठी मोठी जागा शोधत बसण्याऐवजी काम वाटून टाकलं. पीठ मळणं, मालाचं वजन, तपासणी, पॅकिंग हे केंद्रावर. लाटणं ज्याच्या त्याच्या घरी. सकाळी भिजवलेलं पीठ घेऊन जायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. घरी लाटायला स्वच्छ जागा नसेल तर ती बहीण केंद्रावरचं दुसरं काम करते. जड काम, मोठा साठा आणि वर्दळ एका ठिकाणी, आणि शांतपणे होणारं हाताचं काम घरात. त्यामुळे ज्या इमारतीत बहीण पापड लाटते तिथल्या शेजाऱ्याला पोळपाट-लाटण्यापलीकडे काही ऐकू येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण सभेत कुणीतरी 'कायद्यानं मनाई आहे' असं ठासून सांगतोच. २०१८ पर्यंत लागू असलेल्या मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत घरगुती व्यवसायाची व्याख्याच दिलेली होती. तिचा सारांश असा : घरात राहणाऱ्या कुटुंबातल्याच माणसानं करायचा, पगारी मजूर ठेवायचे नाहीत. बाहेरून पाटी किंवा मांडणी दिसता कामा नये. जे घरात तयार होतं तेच विकायचं. इमारतीला आणि शेजाराला धोका नको. यंत्र घरात एरवी वापरतो तसलंच, आणि विजेवर चालणारं असेल तर एकूण भार ०.७५ किलोवॅटपेक्षा जास्त नको. हे ०.७५ किलोवॅट म्हणजे साधारण एक अश्वशक्ती, म्हणजे आपल्या ओट्यावरचा ७५० वॅटचा मिक्सर. लोकांना बसवून खायला-प्यायला देण्याची जागा मात्र या व्याख्येत बसत नव्हती.

ही व्याख्या नीट वाचली तर दोन गोष्टी दिसतात. पहिली, निवासी भागात सगळा धंदा बंद असं ती नियमावली म्हणत नव्हती. तिनं एक लहान दार उघडं ठेवलं होतं आणि त्या दाराचं माप शिवणकाम, भरतकाम, लाटणं यांच्याच मापाचं होतं. घरी पापड लाटणारी बहीण त्यातून सहज आत येते. दुसरी, या दारातून गिरणगावची खानावळवाली आत आली नसती, आणि चार मदतनीस ठेवून महिन्याला शेकडो डबे काढणारी आपली मैत्रीणही येणार नाही. तिनं हे मान्य करायला हवं. धंदा वाढणं ही आनंदाची गोष्ट आहे, पण तो ओट्याबाहेर गेला की त्याला ओट्याबाहेरची जागा लागते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की डॉक्टरचा खाजगी दवाखाना हा मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याखालची व्यापारी आस्थापना नाही. विकास नियमावलीही डॉक्टरांना आणि इतर व्यावसायिकांना निवासी इमारतीत ठरावीक मर्यादेत जागा देते. आपल्या इमारतींत तळमजल्यावर दवाखाना असतो, पहिल्या मजल्यावर सीएंचं ऑफिस असतं, आणि आपल्याला ते सोयीचंच वाटतं. दवाखान्याच्या रांगेची तक्रार कुणी सभेत आणत नाही. खाखऱ्याचे दोन डबे न्यायला आलेल्या माणसाची मात्र येते. वर्दळ हाच मुद्दा असेल तर मोजमाप दोघांना एकच लावावं लागेल.

माहीम स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की धारावी लागते. तिथल्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची घरं पिढ्यान्‌पिढ्या अशीच आहेत : पुढे चाक, मागे संसार, मध्ये भट्टी. काही गल्ल्यांत बायका पालथ्या टोपल्यांवर पापड वाळत घालतात. धारावीच्या पुनर्विकासात पात्र कुटुंबांसाठी ३५० चौरस फुटांचं घर जाहीर झालं आहे. पण तिथल्या लोकांचा प्रश्न केवळ चौरस फुटांचा नाही. वरच्या मजल्यावर टोपली कुठे ठेवायची, हा आहे. आपण पश्चिमेला टॉवरचे नियम लिहीत असताना हाच प्रश्न आपल्या खाखऱ्याच्या तव्यालाही लागू आहे.

आपल्या धर्मात या सगळ्याचा विचार कसा केला आहे? श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांना कर्मादान म्हणतात हे आपण लहानपणापासून ऐकलं. कोळसे पाडणं, जंगल तोडणं, विषाचा व्यापार, यंत्रानं पिळणं, तळी आटवणं अशी ती यादी आहे. त्यात धंदा घरात आहे की बाजारात, याला महत्त्व नाही. जीवांची हिंसा किती, याला आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले. त्यांत पहिला गुण न्यायानं मिळवलेल्या धनाचा आहे. त्याच यादीत घर कसं असावं हेही आहे : फार उघडं नको, फार लपलेलं नको, आणि शेजार चांगला हवा. मला वाटतं, आपल्या सभेपुढचा अख्खा विषय या दोन गुणांत आला. कमाई न्यायाची असावी, आणि शेजार टिकावा. एकासाठी दुसरा सोडायचा नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. 'घरात कोणताही व्यवसाय नको' असा ठराव येईल तेव्हा गप्प बसू नका, आणि भांडूही नका. 'व्यवसाय' हा शब्द बदलून त्रासाचं नाव लिहायला सांगा : बाहेरचे पगारी मदतनीस नकोत, जिन्यात माल नको, घरगुती वापरापलीकडचं यंत्र नको, दुपारी अमुक ते अमुक वेळ ग्राइंडर बंद, जादा सिलिंडरचा साठा नको, डिलिव्हरी फाटकापर्यंतच. हे नियम शिवणकाम करणारीला, डबेवालीला, डॉक्टरांना आणि सीएंना सारखे लावा. ज्या मैत्रिणी अन्नपदार्थ विकतात त्यांनी अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. छोट्या उद्योगासाठी ती अवघड नाही, आणि कागद हातात असला की बोलताना आवाजही ठाम निघतो. वही ठेवा, घरखर्चाचा डबा आणि धंद्याचा डबा वेगळा ठेवा.

आणि एक मागणी बिल्डरशी करार होण्याआधी मांडा, नंतर नाही. टॉवरमध्ये जिम येते, क्लब हाउस येतं. त्याच नकाशात एक साधी खोली मागा, जिथे पीठ मळणं, वजन, पॅकिंग अशी जड आणि गर्दीची कामं इमारतीतल्या बायकांना आळीपाळीनं, ठरलेलं भाडं देऊन करता येतील. मंजुरीच्या दृष्टीनं ती कशी दाखवायची हे वास्तुविशारदाला विचारा. गिरगावच्या गच्चीनं जे काम तीन वर्षं केलं, तेवढंच या खोलीनं करायचं आहे. लाटणं मग आपापल्या घरी, दार लावून.