शाळा, पटांगण आणि हॉकी

वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस विद्यालय येशूसंघीय धर्मगुरूंनी सन १८६३ मध्ये स्थापिले. सन १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळलेले जोकिम कार्व्हालो व सन २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील विरेन रास्किन्हा हे याच शाळेचे विद्यार्थी होत. तथापि अशा यशाचे श्रेय एकट्या शाळेस देणे योग्य नव्हे. काठी, जोडे, न्याहारी, आगगाडीचे भाडे हा भार घराने व शेजाराने उचलावा लागतो. सन १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली आणि तो दुणावला. तेथे चेंडू निराळ्या वेगाने धावतो, मातीवर शिकलेले मूल गोंधळते. अंधेरी-बोरीवलीकडील पुष्कळ शाळांस तर मातीचे पटांगणही अपुरे! आणि पालकहो, खेळाचा तास कापून शिकवणीस द्यावा, ही मागणी घेऊन मुख्याध्यापकांकडे जातो कोण? आपणच ना?