लॉज, भक्तनिवासासाठी बिनटाकीचा गिझर घेताय? आधी बादल्यांचा हिशेब करा आणि जागा बघा

थंडी पडली की भक्तनिवासात पहाटे चारपासून एकच हाक ऐकू येते, "गरम पाणी आलं का?" पूर्वी मागच्या अंगणात तांब्याचा बंब पेटलेला असायचा. आता लाकूड परवडत नाही, धुराची तक्रार होते. म्हणून लॉज, कृषी पर्यटन केंद्र, मंगल कार्यालय, वसतिगृह चालवणारे बरेच जण बिनटाकीच्या गिझरची चौकशी करतात. दुकानदार याला 'इन्स्टंट' म्हणतो. पाणी साठवून तापवायचं नाही, नळ सोडला की वाहतं पाणी तापतं आणि नळ बंद केला की आच बंद.

फायदा उघड आहे. गिऱ्हाईक आलंच नाही तर टाकीभर पाणी फुकट तापत बसत नाही. पण यात एक मेख आहे. टाकीचा गिझर रात्रभर हळूहळू काम करतो, बिनटाकीच्याला तेच काम दोन-तीन मिनिटांत उरकावं लागतं. त्यासाठी लागणारी ताकद मोठी असते.

एका बादलीला किती लागतं?

20 लिटरची बादली 15 अंशांवरून 40 अंशांपर्यंत तापवायला जवळपास 0.6 युनिट वीज लागते. कंपनी कुठलीही असो, यात फार फरक पडत नाही. 3 किलोवॅटचा विजेवरचा इन्स्टंट गिझर मिनिटाला दोन लिटरही नीट तापवू शकत नाही. म्हणजे एका बादलीला 12 मिनिटं. बेसिनला किंवा स्वयंपाकघरात भांडी घासायला तो ठीक आहे, अंघोळीच्या रांगेला नाही. शिवाय आपल्याकडे 'इन्स्टंट' म्हणून जो 3 लिटरचा गिझर विकतात, त्यात छोटी टाकी असतेच. पहिले 3 लिटर कडक येतात, मग कोमट. गिऱ्हाईक म्हणतं गिझर खराब आहे. तो खराब नसतो, त्याची ताकदच तेवढी.

अशा 10 खोल्यांत 10 गिझर लावले तर पहाटे एकदम 30 किलोवॅटचा भार येतो. सिंगल फेजवर हे शक्यच नाही. थ्री फेज घेऊन मंजूर भार वाढवावा लागेल, आणि व्यावसायिक मीटरचा भार 20 किलोवॅटच्या वर गेला की महावितरणचा गट बदलतो, स्थिर आकारही वेगळ्या पद्धतीने बसतो. आधी वायरमनला विचारा, मग दुकानात जा. 4.5 किलोवॅटचा गिझर तर साध्या 16 अँपियरच्या प्लगवर लावूच नये. त्याला जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी लागतो. अर्थिंग नसेल तर कुठलाच नको.

गॅसवरचा 6 लिटरचा गिझर मिनिटाला 6 लिटर पाणी साधारण 25 अंशांनी तापवतो, म्हणजे बादली साडेतीन मिनिटांत. लाइट गेली तरी चालतो, कारण ठिणगीसाठी दोन मोठे सेल असतात. खेड्यात हा फायदा लहान नाही. खर्च घरीच काढा. 19 किलोच्या सिलिंडरमध्ये सव्वातीनशेच्या आसपास बादल्या निघतात. सिलिंडरचा आजचा दर 325 ने भागा आणि तुमच्या विजेच्या युनिटचा दर 0.6 ने गुणा. स्वस्त काय ते लगेच कळेल.

घरगुती लाल सिलिंडर लॉजला वापरणं बेकायदा आहे. व्यावसायिक निळाच हवा. भरलेले पाच निळे सिलिंडर म्हणजे 95 किलो. साठा 100 किलोच्या वर गेला की स्फोटक विभागाचा परवाना लागतो.

गॅस गिझर बाथरूममध्ये बसवू नका

दर हिवाळ्यात बाथरूममध्ये गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. बंद, छोट्या बाथरूममध्ये गॅस जळताना हवेतला प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा अडवून बसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय लुळे पडतात, आणि कडी काढण्याचीही शक्ती राहत नाही. घरच्या माणसाला निदान खिडकी उघडी ठेवायची सवय असते. लॉजवर आलेला पाहुणा थंडी वाजते म्हणून सगळं लावून घेतो.

म्हणून यंत्र भिंतीच्या बाहेर, मोकळ्या हवेत, वर छोटं छप्पर करून बसवा आणि आत फक्त पाइप न्या. दोन बाथरूमच्या मधल्या डक्टमध्ये बसवण्याची पद्धत दिसते, ती तितकीच धोक्याची. धूर शेजारच्या खिडकीतून आत शिरतो. आत बसवून एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, हाही गैरसमज आहे. फॅन कधी कधी जळालेला वायू उलटा आतच ओढतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो, त्यामुळे सिलिंडर तळघरात किंवा खड्ड्यात ठेवू नका.

कुणी बाथरूममध्ये हाका मारून ओ देत नसेल तर दार तोडा, माणसाला उघड्यावर आणा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन लावा. चक्कर आली असेल म्हणून कांदा हुंगवत बसू नका. दवाखान्यात गॅस गिझर होता हे आवर्जून सांगा, डॉक्टरला तेच आधी कळायला हवं.

कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

पाच-सात खोल्यांचं, कधी भरलेलं कधी रिकामं असणारं कृषी पर्यटन केंद्र असेल तर बाहेर बसवलेले दोन-तीन गॅस गिझर चांगले. पण ते खोल्यांपासून लांब नकोत. पाऊण इंची पाइप 20 मीटर लांब असेल तर त्यात 5 लिटर पाणी मावतं. नळ सोडल्यावर आधी तेवढं गार पाणी वाया जाणार.

शंभर मुलांच्या वसतिगृहात मात्र हा गिझर नको. शंभर बादल्या तासाभरात हव्या असतील तर 6 लिटरचे सहा गिझर अखंड चालावे लागतील. तेच 2000 लिटर पाणी विजेवर सहा तासांत टाकीत तापवलं तर 10 किलोवॅटच्या आत काम होतं. टाकीला चांगलं आवरण हवं, एवढंच. वर सोलर असेल तर उन्हाळ्या-हिवाळ्यात विजेचा भार आणखी कमी. सोलरचं कोमट पाणी गॅस गिझरला जोडायचा विचार असेल, तर ते मॉडेल गरम पाणी आत घेतं का, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहून घ्या. सगळी घेत नाहीत.

बोअरचं पाणी जड असेल तर आतल्या तांब्याच्या नळीत पांढरे क्षार धरतात. मग धार बारीक होते, पाणी जास्त तापतं आणि गिझर मध्येच बंद पडतो. वर्षातून एकदा, पाणी फार जड असेल तर दोनदा, मेकॅनिककडून क्षार काढून घ्या. पाण्याची टाकी स्लॅबवर टेकवलेली असेल तर वरच्या मजल्यावर दाब कमी पडून गिझर पेटतच नाही. टाकी दोन-अडीच मीटर उंच स्टँडवर घ्या किंवा छोटा प्रेशर पंप लावा. आणि हंगाम सुरू होण्याआधी सगळे सेल बदला, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.