मंदगति औषधाची कथा

औषधांच्या इतिहासांत त्वरित गुणाची स्तुति पुष्कळ आढळते, मंदपणाची क्वचितच. इन्सुलिनची गोष्ट मात्र निराळी आहे. तें सांपडल्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, आणि त्यांतील बहुतेक काळ तें शरीरांत सावकाश कसें चालेल या विवंचनेंतच शास्त्रज्ञांनी घालविला. हा खटाटोप कशासाठीं झाला, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. आणि तो करतांना बुलढाणा जिल्ह्यांतील बीबीसारखें गांव डोळ्यांपुढें ठेवणार आहों. औषधाची खरी कसोटी तें ज्या घरांत रोज घ्यावयाचें तेथेंच लागते.

११ जानेवारी १९२२ रोजीं टोरोंटो येथें लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास पहिली सुई टोचण्यांत आली. ती फारशी लागू पडली नाहीं. कॉलिपनें अर्क अधिक शुद्ध केल्यावर २३ तारखेपासून पुन्हा उपचार झाला आणि मुलगा सांवरला. पुढील वर्षीं बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मरणाच्या दारांतून मुलें परत येऊं लागलीं खरीं. पण या इन्सुलिनचा प्रभाव कांहीं तासांतच ओसरे. दिवसांतून अनेकदां टोचून घ्यावें लागे. रात्रीची झोंपहि निश्चिंत नसे. निरोगी शरीरांत स्वादुपिंड अहोरात्र थोडेंथोडें इन्सुलिन सोडीत असतें. तो अखंड प्रवाह बाहेरून कसा आणावा, हा खरा प्रश्न होता.

त्याचें पहिलें उत्तर डेन्मार्कमध्यें निघालें. १९३६ सालीं हॅगेडॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या शुक्रांतून मिळणाऱ्या प्रोटामिन या द्रव्याशीं इन्सुलिनची सांगड घातली. तें संयुग सहज विरघळत नसल्यामुळें कातडीखालीं हळूहळू झिरपत राही. त्याच वर्षीं टोरोंटोच्या स्कॉट व फिशर यांनी त्यांत जस्त मिळवून प्रभाव आणखी लांबविला. १९४६ मध्यें हॅगेडॉर्न यांच्याच प्रयोगशाळेंतून एन्पीएच् हें इन्सुलिन निघालें. तें आजहि वापरांत आहे. तळहातांवर कुपी अलगद फिरवून तें घ्यावयाचें असतें. २००० सालीं संमत झालेल्या ग्लार्जिननें इन्सुलिनचा रेणूच बदलला. कुपींतील आम्ल द्रवांत तें स्वच्छ विरघळलेलें असतें. कातडीखालीं जातांच त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि दिवसभर विरघळत राहतात.

या शोधास आपल्या प्रांतांत यावयास फार काळ लागला नाहीं. बीबीवरून जाणारा महामार्ग ज्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जातो, तेथें वोक्हार्टनें इन्सुलिनचा कारखाना उभारला. २००३ सालीं त्या कंपनीचें इन्सुलिन बाजारांत आलें. २००९ मध्यें ग्लार्जिनहि आलें. २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या जातीचीं इन्सुलिनें अत्यावश्यक औषधांच्या यादींत घातलीं.

आतां बीबीच्या शिवाराकडे पाहूं. सोयाबीनच्या सोंगणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत मजुराच्या जेवणाची वेळ त्याच्या हातीं नसते. एन्पीएच्चा जोर टोचल्यानंतर कांहीं तासांनी शिगेस पोंचतो. त्या वेळीं पोटांत अन्न नसेल तर साखर उतरते, घाम सुटतो, हात कांपतात, शुद्धहि हरपते. ग्लार्जिनचा उतारचढाव कमी असल्यामुळें, विशेषतः रात्रीं, हा धोका घटतो. परंतु तें जेवणानंतर वाढणारी साखर आंवरीत नाहीं. ज्या मुलाचें शरीर इन्सुलिन निर्माणच करीत नाहीं, त्यास जेवणापूर्वीं शीघ्र इन्सुलिनहि घ्यावेंच लागतें. मात्रा चुकली तर तिचा परिणामहि दिवसभर टिकतो. शिवाय वैशाखांत विदर्भाचा पारा चाळिसावर गेला कीं उघड्यावरची कुपी बिघडते; फ्रीज नसेल त्या घरीं पाण्याच्या ओल्या माठाचाच आधार घ्यावा लागतो.

तात्पर्य, मंदपणानें रुग्णाच्या टोचण्या व रात्रीचें भय कमी केलें. दक्षता मात्र कमी केली नाहीं. ती शिकविणारा माणूस, वर्षभर न तुटणारा पुरवठा आणि गरिबास पेलणारी किंमत हीं तिन्ही गांवापर्यंत पोंचलीं पाहिजेत. इन्सुलिनचा एक दिवसहि खंड ज्या मुलाच्या जिवावर बेततो, त्याच्या आईला शास्त्रज्ञांच्या शतकभराच्या श्रमांचें मोल एकाच गोष्टीवरून कळतें: पुढची कुपी वेळेवर हातीं आली कीं नाहीं.